सहाच्या बॅचला मी का जाते?

ताई, नमस्कार.

मी कर्वेनगरला राहते, वय ४१. एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा नववीत आहे, घरी नवरा आणि सासूबाई. गेल्या जुलैपासून घराजवळच्या एका ग्रुप ट्रेनिंगच्या सकाळी सहाच्या बॅचला जाते. आठवड्याचे सहा दिवस, रोज पाऊण तास. बर्पी (खाली वाकून जमिनीवर पालथं व्हायचं आणि उठून उडी मारायची), केटलबेल, बॉक्स जंप, दोरीच्या उड्या, सगळं घड्याळ लावून. संपलं की फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्या दिवशीची वेळ लिहितात.

आठ महिन्यांत वजन फक्त दोन किलो उतरलं. नवरा म्हणतो, 'महिन्याला साडेतीन हजार भरून दोनच किलो?' सासूबाई म्हणतात, 'या वयात उड्या कसल्या मारायच्या? घरात कामं कमी आहेत का?' ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, 'टेकडीवर फिरायला जा की, फुकटात होईल. एवढा जीव कशाला काढायचा?' आणि ताई, मला उत्तरच देता येत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत मी रोज ठरवते, उद्यापासून बंद. आणि दुसऱ्या दिवशी पाच दहाचा गजर व्हायच्या आधी मी जागी असते.

तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नाही. पाऊण तास मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते. हे लिहितानाही अपराधी वाटतंय. मी घरातून पळ काढतेय का? हे व्यसन आहे का? गेले तीन आठवडे उजवा खांदा दुखतोय, केस बांधायला हात वर नेला की कळ येते. तरी जाते. घरी सांगितलेलं नाही. फळ्यावर नाव नसलं की दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

सहाच्या बॅचमधली

ता. क. बाबांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) गेल्या जूनमध्ये ६.२ होती, आता ५.८ आहे.

* * *

प्रिय सहाच्या बॅचमधली,

दोन किलोंवर तू अख्खा परिच्छेद लिहिलास आणि बाबांचा हार्ट अटॅक नि तुझी साखर दोन ओळींत उरकलीस, तीही सही करून झाल्यावर. बोलायला सगळ्यात जड जाणारी गोष्ट माणूस निघताना, दाराशी चपला घालता घालता बोलतो, तसं वाटलं मला ते वाचताना. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तीन महिन्यांची साखर ५.७ ते ६.४ असली की डॉक्टर तिला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात. तू ६.२ वर होतीस, आता ५.८ वर आहेस. पायरी अजून सुटलेली नाही, पण तिच्या वरच्या कडेवरून तू जवळजवळ खालच्या कडेशी आलीस. हे नवऱ्याला माहीत आहे का गं? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. त्याच्यासमोर एकच काटा आहे, वजनाचा. मग तो किलोंचंच बोलणार. आज रात्री जेवणं झाली की दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेव आणि साडेतीन हजारांचा हिशेब त्या कागदांवर करायला सांग.

आणि वजनाचं म्हणशील तर आपल्या पुण्यातलीच एक गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून आणला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. काट्यावर हा फरक दिसत नाही. तसाच तुझा फरकही दिसत नाहीये. चरबी थोडी गेली, तिच्या जागी स्नायू थोडा आला, काटा आपला जिथल्या तिथे. साखर खाली येण्याचं काम त्या स्नायूनेच केलंय. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो, आणि पुढचा एखाद-दुसरा दिवस इन्सुलिनचंही तो जरा जास्त ऐकतो. वजन मुख्यतः ताटात उतरतं, व्यायामाने एकट्याने फार उतरत नाही. तुला मोजायचंच असेल तर शिंप्याची टेप घे आणि कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांनी ती ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं डॉक्टर सांगतात.

घरच्यांना द्यायचं उत्तर एवढ्यात मिळालं तुला. पण तू मला घरच्यांसाठी पत्र लिहिलेलं नाहीस. तुला स्वतःला कळत नाहीये, म्हणून लिहिलंस. साखरेच्या भीतीने तू जुलैत नाव घातलंस, हे मला पटतं. त्या भीतीने मार्चमध्ये गजराआधी जाग येते, हे नाही पटत. मी शाळेत वीस वर्षं पीटी शिकवलं. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावलेली मुलं मोठेपणी पळताना मला कधी दिसली नाहीत. भीतीने माणूस नाव घालतो, फी भरतो, नवीन बूट आणतो, फार तर महिनाभर जातो. त्यानंतर जी टिकते तिला दुसरं काहीतरी सापडलेलं असतं. ते काय, हे तिला पुष्कळदा उशिरा कळतं.

तुला काय सापडलं असेल, ते तुझ्याच पत्रात आहे.

'शेवटच्या दोन मिनिटांत ठरवते उद्यापासून बंद' असं तू लिहिलंस. ते खरंच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दम एका मर्यादेपलीकडे लागला की जवळजवळ सगळ्यांना त्या क्षणी वाईटच वाटतं. पाय जड होतात, घड्याळ पुढे सरकत नाही, समोरच्या ट्रेनरचा राग येतो. आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ते सगळं उलटतं. भिंतीला टेकून बसलेली असतेस, गुडघ्यांवर हात, कानात ठोके ऐकू येतायत, आणि आत एकदम शांत. सकाळी घरातून निघताना होतीस त्याहून बरं वाटतं. बंद करायचा निर्णय तू आधीच्या दोन मिनिटांत घेतेस आणि मोडतेस तो या दोन मिनिटांमुळे.

टेकडीची गोष्ट वेगळी. मी स्वतः वेताळ टेकडीवर चालणारी बाई आहे, टेकडीला कुणी नाव ठेवलेलं मला चालत नाही. पण टेकडीवर चालताना डोकं चालू राहतं. तिथे माणूस ऑडिटचा विचार करतो, मुलाच्या गणिताचा करतो, सासूबाई काल काय बोलल्या ते परत एकदा ऐकतो. तिसाव्या बर्पीला जमिनीवरून उठताना ऑडिट आठवून बघ. नाही आठवत. पुढचा श्वास कुठून आणायचा एवढाच प्रश्न उरतो. दिवसभर दहा जणांचं डोक्यात ठेवणाऱ्या बाईला असा पाऊण तास कशासाठी हवा असतो, हे तुझ्या मैत्रिणींना सांगायला लागू नये खरं तर.

आणि मग माणसं. जर्मनीत १९२० च्या दशकात ओटो कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या गड्यांकडून वजनाचा बार उचलून घेतला. आधी एकेकट्याने, मग दोघातिघांनी मिळून एकच जड बार, असा की एकाने सोडला तर बाकीच्यांना पेलायचा नाही. एकट्याने लवकर थकणारा गडी जोडीत जास्त वेळ टिकला. जोडीदार फारच ताकदीचा असेल तर हे तितकं व्हायचं नाही, अगदी बरोबरीचा असेल तरी नाही. जोडीदार थोडासा पुढे असला की जास्त व्हायचं. तुझ्या बॅचमध्ये तुझ्यापेक्षा थोडीशी पुढे कोण आहे? हे वाचताना एक चेहरा आला ना डोळ्यांसमोर?

माझ्यापुढेही एक चेहरा आहे. आई गेली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. तिच्या आजारपणात तीन वर्षं आम्ही घरात हळू बोलायचो, हळू चालायचो, भांडी आवाज न करता ठेवायचो. ती गेल्यावरही माझा आवाज परत येईना. बहिणीने बळेच एरंडवण्यातल्या एका बॅचला नाव घातलं. पहिल्या दिवशीच मला आवडलं ते एवढंच की तिथे मोठ्याने धापा टाकता येत होत्या. मोठ्याने! ऑगस्टातली एक सकाळ होती, पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं ओढलेलं, मॅटला ओलसर रबराचा वास. सहा किलोचा चेंडू भिंतीवर फेकायचा आणि उठाबशीत झेलायचा, असं पन्नास वेळा. सगळ्यांचं झालं, मी एकटी उरले आणि चाळीसवर अडकले. तिथे सगळी गणती इंग्रजीत चालायची. साठीच्या एक बाई होत्या, तेव्हा मला त्यांचं नावही धड माहीत नव्हतं. त्यांनी आपला चेंडू परत उचलला, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीत मोजायला लागल्या. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. संध्याकाळी देवापुढे बसवून पाढे म्हणवून घेतात त्या सुरात. सेहेचाळीसला मी रडत होते. सगळ्यांचेच चेहरे ओले असल्यामुळे ते कुणाला कळलं नसेल. पन्नास झाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, माझी पाण्याची बाटली पायाने माझ्याकडे सरकवली आणि चेंडू जागेवर ठेवायला गेल्या.

आई गेल्यानंतर घरी येऊन पुष्कळांनी पुष्कळ बोलून माझं सांत्वन केलं होतं, आणि त्यांची मी ऋणी आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले ती त्या बाटलीमुळे.

म्हणून तुझ्या एका वाक्यात मी दुरुस्ती करते. 'तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नाही.' मागतात गं. काल का नाही आलीस, असं विचारतात. अजून पाच मार, म्हणतात. फक्त त्या मागण्यातून त्यांच्या घरची पोळी भाजून निघत नसते, तुझंच काहीतरी होत असतं. घरात प्रेम असतंच, पण घरातल्या प्रेमाला कामं चिकटलेली असतात. त्यातून पाऊण तास बाजूला झालीस तर तो पळ नव्हे. पळ काढणारी बाई सात वाजता घरी येऊन डबे भरत नाही.

आता सासूबाई. त्या सत्तरीच्या आसपास असतील असं धरते. 'या वयात उड्या कसल्या' हे त्यांचं वाक्य वाचलं आणि मला माझ्या मावशीच्या वाड्यातली मंगळागौर आठवली. श्रावणातला मंगळवार, रात्री जेवणं झाल्यावर बायका जमायच्या आणि पहाटेपर्यंत खेळायच्या. झिम्मा, पिंगा, कोंबडा, दंडफुगडी, बसफुगडी. तू बसफुगडी घातली आहेस कधी? उकिडवं बसायचं, पाय आळीपाळीने पुढे टाकत उड्या मारायच्या, समोरचीपेक्षा आधी थांबायचं नाही. नऊवारीत! तुझ्या ट्रेनरला एक मिनिट घालायला सांग, मग त्याला विचार हा हाय-इंटेन्सिटी व्यायाम आहे की नाही. पुरुषांना पेठेपेठेत तालमी होत्या, जोर-बैठका होत्या, घामाबरोबर दोस्तीही मिळत होती. बायकांना हेच मिळायचं ते श्रावणातल्या रात्री, नागपंचमीच्या फुगड्यांत, भोंडल्यात. वर्षातून मोजक्या वेळा, आणि तेही देवाच्या निमित्ताने. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, फुगडी घालून किती किलो उतरलं. गणपतीच्या आधी आपल्याकडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, कंबरेला ढोल बांधून पोरी तासन् तास वाजवतात, त्यांनाही कुणी विचारत नाही. बायकांनी एकत्र जमून, दम लागेपर्यंत अंग हलवायचं, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. तुझ्या सासूबाईंना ती तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना एकदा विचार, तुमच्या माहेरी काय खेळायचात? खरंच विचार, वाद जिंकायला म्हणून विचारू नकोस.

एक शंका मात्र बोलून दाखवते. तू साडेपाच-पावणेसहाला घर सोडतेस. तेव्हा घरातला कुकर कोण लावतं? दूध कोण तापवतं? सासूबाई लावत असतील तर 'घरात कामं कमी आहेत का' हे वाक्य तुझ्या उड्यांबद्दल नसून त्या कुकरबद्दल असेल. सत्तरीतल्या बाईच्या अंगावर तुझी सकाळ नकळत गेली असेल, तर ते तू त्यांनी तोंड उघडायच्या आधी ओळखायला हवं. रात्री भाजी चिरून ठेव. आणि आठवड्यातल्या तीन सकाळी डबा नवऱ्याने करावा. त्याला पोहे-उपमा येत असेलच, पोळी-भाजीही महिन्याभरात येईल. दोन किलोंचा हिशेब करणारा माणूस डब्याचाही करू शकतो.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूने बोलले. पुढचंही तुझ्याच बाजूचं आहे, पण ऐकायला तितकं गोड लागणार नाही. हे उत्तर मी लवकर छापायला दिलं ते तुझ्या खांद्यासाठी.

तीन आठवडे दुखणारा खांदा घेऊन तू जातेस आणि घरी लपवतेस. व्यसन म्हणावं इतकं हे मला वाटत नाही, पण त्या वाटेवरची पहिली खूण हीच असते, दुखणं लपवून व्यायाम करणं. दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत, एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन. माणूस एखादी गोष्ट कशामुळे धरून ठेवतो, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. आपलं आपण ठरवलंय, आपल्याला ते जमतंय आणि आपण इथे कुणाचे तरी आहोत, या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस टिकतो असं ते मांडतात. या तिन्ही तुला तिथे मिळतायत. पण ते आणखी एका कारणाबद्दल सांगतात, जे फसवं असतं. बाहेरचा धाक आत शिरतो आणि आपल्याच आवाजात बोलायला लागतो. 'नाव फळ्यावर नसलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं', हे तुझं वाक्य मला त्या आवाजातलं वाटलं. चुकल्यासारखं म्हणजे नक्की काय? त्या माणसांची आठवण येते, की काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं? पहिलं असेल तर छानच. दुसरं असेल तर ज्या शिक्षेच्या फेऱ्यांबद्दल मी वर लिहिलं, त्या तू स्वतःच स्वतःला मारायला लावते आहेस.

हे तपासायची एक साधी रीत आहे. पुढच्या बुधवारी मुद्दाम जाऊ नकोस. कारण न देता, आजारी न पडता. घरी चहा घेऊन बस आणि सात वाजेपर्यंत मनात काय काय येतं ते कागदावर लिही. जे कारण तुला एक दिवस घरी बसू देतं, ते तुझं आहे. ज्याला ते सहन होत नाही त्याच्याशी तुला बोलावं लागेल, आणि एकटीला जमलं नाही तर समुपदेशकाशी.

खांद्याचं मात्र लांबणीवर टाकू नकोस. फ्रोजन शोल्डर म्हणजे खांदा आखडणं, हे चाळीस ते साठ या वयात आणि बायकांमध्ये जास्त दिसतं, साखरेचा त्रास असणाऱ्यांमध्ये तर आणखी जास्त. तुझं वय त्यात बसतं आणि साखर सीमेवर आहे. किंवा डोक्यावर वजन नेऊन नेऊन खांद्यातला एखादा स्नायुबंध दुखावला असेल. पत्र वाचून मला ते कळणार नाही आणि लांबून बघून ट्रेनरलाही कळणार नाही. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव. ब्लाऊजचा मागचा हूक लावायला हात पोचतो का, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, हे आठवणीने सांग, त्यावरून त्यांना बरंच कळतं. तोवर डोक्याच्या वर वजन नाही, बर्पी नाही, बारला लटकणं नाही. बॅच सोडायचीही गरज नाही. तुमच्याकडे 'स्केल' करणं म्हणतात ना, हलकं करून घेणं, ते करून माग. चांगला ट्रेनर पायांचं आणि पोटाचं काम देऊन तुझा पाऊण तास भरून देईल. मी एकदा एका ट्रेनरला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, 'दुखणं डोक्यात असतं.' मी त्याचं ऐकलं. पुढचे पाच महिने मी जिना कठडा धरून उतरले. तुझा ट्रेनर असं काही म्हणाला तर बॅच बदल, फीचा विचार करू नकोस.

दुसरं, फिजिशियनला भेट आणि बाबांचं वय सांग. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर तो घराण्यातला धोका म्हणून धरतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि त्यांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट. तू व्यायाम थांबवावास म्हणून हे सांगत नाहीये. निर्धास्तपणे करता यावा म्हणून सांगतेय. छातीवर दाब, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर घड्याळात कितीही सेकंद उरलेले असोत, तिथेच थांबायचं आणि तडक हॉस्पिटल. फार दमवलेल्या दिवसानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि अंग भयंकर ठणकत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर, कारण तुटलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडावर येतो. आणि दोरीच्या उड्या मारताना लघवीचे थेंब जात असतील, तू लिहिलेलं नाहीस पण बाळंतपण झालेल्या पुष्कळ जणींना हे होतं आणि त्या गडद रंगाची पँट घालून गप्प बसतात, तर त्यावरही फिजिओथेरपी आहे आणि तिने फरक पडतो. गप्प बसू नकोस.

आता सहा दिवसांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत मोठ्या माणसांनी आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा, किंवा १५० ते ३०० मिनिटं मध्यम, आणि त्याखेरीज दोन दिवस ताकदीचा, असं म्हटलंय. तुझी बॅच आठवड्याला २७० मिनिटं भरते. तुम्ही ज्याला 'टबाटा' म्हणता, वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विश्रांती, आठ वेळा, ते जपानी संशोधक इझुमी टबाटा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलं. पण तो प्रयोग सायकलवर, खेळ खेळणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांवर होता. चाळिशीत, नोकरी-घर सांभाळून, रात्री साडेअकराला झोपून तो रोजच्या रोज करायचा नसतो. आठवड्यातून तीन दिवस जोराचे ठेव, मध्ये एकेक दिवस सोडून. उरलेल्या दिवसांतले दोन टेकडीला दे, मैत्रिणी बोलावतायत तर त्यांच्याबरोबरच जा. रविवारी मुलाला घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढ, तो पुढे पळेल. आणि एक दिवस पूर्ण झोप. स्नायू व्यायाम करताना बनत नाही, नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत बनतो.

फळ्याचं काय करायचं ते तूच ठरव. मला विचारशील तर ट्रेनरला सांग, दोन महिने माझ्या नावापुढे वेळ लिहू नका, नुसती हजेरी लावा. ज्यांच्या नावावरून बर्पी आली त्या रॉयल बर्पी यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ती तंदुरुस्ती तपासायची एक छोटी चाचणी म्हणून बनवली होती, थोड्याच वेळा करायची. शंभरची शर्यत नंतरच्यांनी लावली. तुला त्या शर्यतीत पळायला आवडत असेल तर खांदा बरा झाल्यावर पळ, मजा असते त्यात, मी नाही म्हणणार नाही. फक्त तो फळा तुझ्या घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसता कामा नये.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'एवढा जीव कशाला काढतेस?' तर लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. 'मला बरं वाटतं' एवढं म्हण आणि पुढचं बोलणं सुरू कर.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला दोन ओळी टाक, खांद्याचं काय निघालं ते. या वेळी सहीच्या आधी लिही. आणि सासूबाईंनी बसफुगडीबद्दल काय सांगितलं, तेही.

तुझी,
ताई